कासवाचे पाय भिजले की

तोमिए इशिमिने ही आमच्या बेटावरची सगळ्यात भित्री बाई, हे काही कुणी तिच्या पाठीमागे बोलत नाही. तोंडावरच बोलतात, आणि तीही मान डोलावते. तिला लिफ्टची भीती वाटते, फोनची वाटते, शेजारच्या कोंबड्याची वाटते. वादळ येणार म्हणून रेडिओवर सांगितलं की बाकीचे लोक खिडक्यांना फळ्या ठोकायला घेतात. तोमिए आधी कपाटात जाऊन बसते, आणि मग बाहेर येऊन सगळ्यांइतक्याच फळ्या ठोकते. नवऱ्याने मागणी घातली तेव्हा ती घाबरून 'हो' म्हणाली, असं तो स्वतःच दोन पेले चढले की सांगायचा. त्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली. माणूस चांगला होता.

या भीतीचं मूळही बेटाला ठाऊक आहे. चांद्र पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला आमच्याकडे बायकांनी समुद्रात पाय भिजवायचे असतात. वर्षभराची इडापिडा समुद्र घेऊन जातो. मोठी ओहोटी असते, आतलं पाणी पोटरीवर येतं आणि अर्ध्या किलोमीटरवरचा प्रवाळाचा कट्टा उघडा पडतो. बायका टोपल्या आणि तांदळाच्या हिरव्या वड्यांचे डबे घेऊन कट्ट्यापर्यंत चालत जातात, कालवं काढतात, नवऱ्यांची उणीदुणी काढतात आणि परत येतात. परत कधी यायचं हे कुणी कुणाला सांगत नाही. वाटेत निम्म्यावर एक काळा, फुगीर पाठीचा खडक आहे. त्याला कासव म्हणतात. ओहोटीला त्याच्या पायांशी पांढरी वाळू दिसते. ती दिसेनाशी झाली, म्हणजे कासवाचे पाय भिजले, की बोलणं अर्धवट सोडून पाठ फिरवायची.

कारण इथला समुद्र समोरून येत नाही. कट्ट्याच्या उजव्या अंगाला एक तोंड आहे. पाणी तिथून आत शिरतं आणि आधी कट्ट्यामागची, किनाऱ्याकडची खोलगट घळ भरतं. कट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाचे पाय कोरडे असतात, लाटा समोर लांब फुटत असतात, आणि पाठीमागे त्याची घरची वाट बुडून गेलेली असते. आमच्या पोराटोरांनाही हे कळतं. म्हणूनच ते कुणी बोलत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बोलायची कशाला?

तोमिए सात वर्षांची असताना एका लाल शिंपलीपायी मागे राहिली. तोमिए हे शाळेतलं नाव. आजीने ठेवलेलं घरचं नाव नाबी. मावशीने छातीएवढ्या पाण्यातून नाबीला केसाला धरून ओढत आणलं. झालं काहीच नाही, चार केस तेवढे गेले. पण अशा वेळी माणसाची माबुई, म्हणजे आतला आत्मा, अंगातून गळून पडते, आणि माबुई नसलेलं माणूस जन्मभर दचकत राहतं. त्याला उपाय आहे. जिथे ती पडली तिथले तीन खडे उचलून आणायचे, नाव घेऊन हाक मारायची, आणि ज्याची पडली त्याने ओ द्यायची. तेव्हा नेमका समुद्र खवळला आणि आठ दिवस कट्ट्याकडे कुणाला जाता आलं नाही. शेवटी आजीने अंगणातलेच तीन खडे घेतले आणि हाक मारली. नाबीची दातखीळ बसली होती. तिने ओ दिली नाही. शेजारणी म्हणाल्या, झालं, पोरीची माबुई कट्ट्यावरच बसून राहिली. या गोष्टीला एकोणसाठ वर्षं झाली, आणि तेव्हापासून तोमिएने समुद्रात पाय घातला नाही. दर तृतीयेला तिची मैत्रीण योनेको बाटलीतून समुद्राचं पाणी आणते आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या तोमिएच्या पायांवर ओतते. ओतताना ती म्हणते, "बुडू नकोस हं."

आता गंमत अशी की या बाईला काम मिळालं ते समुद्रालगतच. केवड्याच्या बनात अदान बीच हॉटेल उभं राहिलं तेव्हा तोमिए पस्तीस वर्षांची होती. तिसरा मजला तिच्याकडे आला, चौदा खोल्या, सगळ्या समुद्राकडे तोंड केलेल्या. एकतीस वर्षं तिने खिडकीकडे पाठ करून पलंग लावले. चादरींचे गठ्ठे घेऊन ती जिन्याने चढायची, कारण लिफ्ट मध्येच अडकली तर? पण तिच्या चादरीला कधी सुरकुती नसायची, आणि दारातल्या सपाता अशा जोडून ठेवलेल्या असायच्या की पाहुण्याने पाय टाकला की झालं. भित्र्या माणसाच्या हातून चुका कमी होतात, असं योनेको म्हणायची. ती तळघरात, धुलाईच्या यंत्रांपाशी होती.

तोमिएच्या निरोपाच्या दिवशी मॅनेजर त्सुचियांनी वाकून तिला एक पाकीट दिलं. ते नागोयाचे, बोलण्यात फार अदबशीर.

"इशिमिने-सान, दोन रात्री. तीनशे पाच नंबर. आपण आमच्या पाहुण्या म्हणून राहायचं."

तोमिएचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

खाली योनेकोने कपाळावर हात मारला. "अगं, बक्षीस आहे ते, शिक्षा नव्हे."

"पण मी तिथे करू काय?"

"लोक काय करतात? लोळतात. एकतीस वर्षं तू त्यांच्या सुरकुत्या काढल्यास. आता दोन दिवस स्वतःच्या पाड."

तर अशी तोमिए द्वितीयेच्या संध्याकाळी छोटी पिशवी घेऊन पाहुणी म्हणून आली. पलंग तिला इतका नीट लावलेला दिसला की मोडायला हात धजेना. रजई काढून ती खाली निजली. सकाळी नवी मुलगी खोली आवरायला आली तेव्हा खोली आवरलेली होती, नळ पुसलेले होते, आणि तोमिए हॉटेलचा सुती अंगरखा घालून खुर्चीच्या कडेवर बसली होती. त्या मुलीने उगीचच एक टॉवेल बदलला आणि ती गेली.

दहाच्या सुमारास तोमिए धीर करून खोलीबाहेरच्या छोट्या गच्चीत आली. शेजारच्या तीनशे सहाच्या गच्चीत एक तरुण आई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी उभ्या होत्या. आईचं नाव शिओरी, मुलीचं कोहारु. सैतामाहून आलेल्या, म्हणजे जिथे समुद्रच नाही तिथून. पोरीला सारखा खोकला होतो म्हणून हवापालट.

"त्या बायका टोपल्या घेऊन कुठे निघाल्यात हो?" शिओरीने विचारलं.

एकतीस वर्षांत पाहुण्यांनी तोमिएला विचारलं होतं ते एवढंच, की टॉवेल जास्तीचा मिळेल का. आज कुणीतरी शेजारीण समजून विचारत होतं. तिला बरं वाटलं, आणि ती सांगत सुटली.

"आज बायकांनी पाय भिजवायचे. वर्षभर दुखणं जवळ येत नाही."

"आणि पुरुषांनी?" कोहारुने विचारलं.

"त्यांचे पाय तसेच घाण राहतात."

पोरगी खुदकन हसली. तोमिएला आणखी चेव आला.

"आम्ही गेलो तर चालेल?" शिओरी म्हणाली. "आम्ही बाहेरच्या ना."

"समुद्राला काय कळतंय कोण बाहेरचं. पोरीला खोकला आहे ना, मग तर जाच. जितकं लांब जाल तितकं पाणी स्वच्छ. अगदी कट्ट्याच्या काठावर निळे तारामासे असतात. दोनच्या सुमाराला निघा. पायांत बूट घाला, खडक कापतो. टोपी घाला. गुळाचा खडा जवळ ठेवा." तिने स्वतःच्या पिशवीतून काळ्या गुळाचे दोन खडे काढून कठड्यावरून दिले.

"तुम्ही पण या ना, ओबा," कोहारु आजीला म्हणावं तसं म्हणाली.

तोमिए गडबडली. "माझे गुडघे दुखतात गं." गुडघे खरे दुखतात ते योनेकोचे. तोमिएचे गुडघे एकतीस वर्षं जिना चढून ठणठणीत आहेत. पण घाबरते असं त्या लहान मुलीला कसं सांगायचं?

एक गोष्ट सोडून तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. ती गोष्ट तिने लपवली नाही, विसरलीही नाही. ती सांगायची असते हेच तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी तिने न्हाणीचा टब भरला. असे टब तिने हजारोंनी घासले होते. आत मात्र कधी बसली नव्हती. पाणी गरम होतं, त्याला तळ होता, आणि ते कुठे जात नव्हतं. एवढं पाणी तिला चालत होतं. तिला तिथेच डुलकी लागली. जाग आली तेव्हा पाणी गार झालं होतं आणि घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. अंगरखा चढवून, पट्टा बांधून ती ओला टॉवेल वाळत घालायला गच्चीत आली, आणि सवयीने समुद्राकडे पाठ करणार एवढ्यात तिला किनाऱ्यावर बायका दिसल्या. त्या टोपल्या धूत होत्या. म्हणजे सगळ्या परतल्या होत्या.

तिने कासवाकडे पाहिलं. पायांशी वाळू नव्हती.

आणि पलीकडे, कट्ट्याच्या अगदी काठावर, एक पिवळी टोपी होती. शेजारी आई. दोघी खाली वाकून काहीतरी बघत होत्या.

तोमिएच्या तोंडचं पाणी पळालं. ती ओरडली, पण तिसऱ्या मजल्यावरची हाक बनाच्या पलीकडेही गेली नाही. ज्या फोनला तिने जन्मात आपणहून हात लावला नव्हता तो तिने उचलला. खाली काउंटरवर हिगा नावाची मुलगी होती.

"कट्ट्यावर तीनशे सहाच्या आहेत. पाणी फिरलंय."

"बोट पाठवू का, तोमिए-सान?"

"आतून बोट जात नाही, तळ खडकाला लागतो. बाहेरून लाटा आहेत."

"मग मी तटरक्षक दलाला कळवते. अर्धा-पाऊण तास लागेल, पण..."

पाऊण तासात घळीतलं पाणी पुरुषभर होतं. हिगालाही ते ठाऊक होतं, ती इथलीच. तोमिएने फोन ठेवला.

मजल्यावर लिफ्ट दार उघडून उभी होती. तोमिए जिन्याने धावली. इतकी काही ती बदलली नव्हती. पायांत हॉटेलच्या सपाता होत्या हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मीच पाठवलं, मीच पाठवलं, एवढंच तिच्या डोक्यात वाजत होतं. पोरीला काही झालं तर आपण कुठल्या तोंडाने जगायचं?

किनाऱ्यावर आता योनेको आणि दोन म्हाताऱ्या एवढ्याच उरल्या होत्या. बाकीच्या, कट्ट्याकडे मागे न बघताच, टेंपोत बसून गावात गेल्या होत्या.

"बघितलंय मी," योनेको म्हणाली. तिचा घसा बसला होता. "ओरडून ओरडून थकले. वारा उलटा आहे, ऐकू जात नाही."

"मीच त्यांना जा म्हणाले, योने."

"काय काय सांगितलंस?"

"सगळं. बूट, टोपी, गूळ. कासवाचं सोडून."

योनेकोने एकदा कासवाकडे पाहिलं.

"मग जा," योनेको म्हणाली.

"मी?"

"मी जाऊ? माझ्या गुडघ्यांत लोखंड घातलंय, ते घळीत जड होतं. मी कासवावर उभी राहते, तिथपर्यंत जमेल मला. जातायेताना माझ्या डोक्याच्या सरळ रेषेत टेकडीवरची पाण्याची टाकी ठेव. टाकी डोक्यावर आहे तोवर तू वरंब्यावर आहेस. टाकी सरकली की तू घळीत."

"मला पोहता येत नाही, योने."

"पोहायचं नाहीये, चालायचंय. सकाळी जीभ चालवलीस ना, आता पाय चालव."

पाण्याखाली एक वरंबा आहे, हातभर रुंद, आमच्या बायकांच्या पायांनी पिढ्यान्‌पिढ्या धरलेला. तोमिएने तो एकदाच पाहिला होता, मावशीचा हात धरून. आता ती पाण्यात उतरली. पाणी घोट्यांशी आलं तेव्हाच तिने मागे वळून किनारा पाहिला. कासवापर्यंत योनेको तिच्या मागून धापा टाकत, तिला शिव्या घालत आली. शिव्यांचा आधार होता. कासवावर चढून योनेको उभी राहिली आणि तिथून पुढे तोमिए एकटी.

ती दर पाच पावलांनी मागे वळून बघत होती. योनेको, तिच्या डोक्यावर टाकी. पुन्हा पाच पावलं. पाणी मांड्यांना लागलं, मग कमरेला. दोन्ही बाजूंना निळं-काळं होतं आणि त्याला तळ दिसत नव्हता. पायाखाली काहीतरी मऊ वळवळलं. तिने किंचाळायला तोंड उघडलं आणि तोंडात खारं पाणी गेलं. डाव्या पायातली सपात निघाली, वर आली आणि उजवीकडच्या तोंडाकडून आलेल्या ओढीने भराभर दूर गेली. तिच्याकडे बघताना तोमिएला घाम फुटला, पाण्यात असूनही. परत फिरावं असं तिला वाटलं. एकदा नाही, प्रत्येक पावलाला वाटलं. पण परत फिरायचं म्हणजे पिवळ्या टोपीकडे पाठ करायची, आणि त्याची तिला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

ती कट्ट्यावर चढली तेव्हा शिओरी मोबाइलवर तारामाशाचा फोटो काढत होती. खडक कोरडा होता. ऊन छान पडलं होतं.

"ओबा आली," कोहारु आनंदाने म्हणाली. "गुडघे बरे झाले?"

तोमिएला दम लागला होता. "मागे बघा," ती म्हणाली.

शिओरीने मागे पाहिलं. ज्या पाण्यातून ती फोटो काढत, पोरीला हाताला धरून रमतगमत आली होती ते पाणी तिथे नव्हतं. तिथे समुद्र होता, आणि किनारा फार लांब होता.

"पण इथे तर कोरडं आहे," ती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलं," तोमिए म्हणाली. "चला."

आईचा चेहरा बघून पोरीला कळलं. ती रडली नाही. तिचे डोळे एका जागी थिजले आणि हनुवटी हलायला लागली. तोमिएने ते पाहिलं. असं थिजणं तिला आतून ठाऊक होतं. घाई होती, एकेक क्षण मोलाचा होता, तरी ती वाकली, कोहारुच्या बुटांपाशी पडलेले खडे तिने मुठीत घेतले, आणि दोन पावलं बाजूला जाऊन, जिथे लाल शिंपल्या असतात तिथले आणखी थोडे. सगळे तिने अंगरख्याच्या खिशात टाकले. हे आपण काय करतोय असं तिला वाटलं, पण हात करून मोकळे झाले होते.

अंगरख्याचा पट्टा सोडून तिने एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं शिओरीच्या. पोर आईच्या पाठीवर बसली. तोमिए पुढे. आता तिला मागे वळायचं नव्हतं, टाकी समोरच दिसत होती. पण पाणी वाढलं होतं. वरंब्यावर ते छातीला लागलं आणि आता डावीकडून येणारी ओढ इतकी वाढली की पाय उचलला की ठेवायच्या जागी पडेना. पायाने चाचपायचं, खडक लागला की वजन टाकायचं, मग दुसरा पाय. मध्येच तिचा अनवाणी पाय कापला गेला.

घळीच्या मध्यावर टाकी योनेकोच्या डोक्यावरून सरकली.

तोमिए जागच्या जागी थांबली. पायाखाली अर्धं पाऊल खडक होता, अर्धं काहीच नव्हतं. हीच ती जागा. इथेच मावशीने तिचे केस धरले होते. आता केस धरणारं कुणी नव्हतं. तिला डोळे मिटावेसे वाटले. लांब कासवावर योनेको दोन्ही हात एका बाजूला फेकत होती, डावीकडे, डावीकडे, आणि तिच्याही पोटऱ्यांना पाणी लागलं होतं. ते दिसत होतं, तरी तोमिएचा पाय हलेना.

पाठीमागून बारीक आवाज आला. "ओबा, तुम्ही थरथरताय."

"हो."

"थंडी वाजतेय?"

"घाबरलेय."

मग कोहारु म्हणाली, "मग आता थांबायचं?"

"नाही," तोमिए म्हणाली. "घाबरलं तरी पाय चालतात. मी एकतीस वर्षं घाबरतच कामाला आले. एक दिवस खाडा केला नाही."

हे तिने पोरीला धीर द्यायला म्हटलं. पण म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की हे खरं आहे. तिने डावा पाय डावीकडे टाकला. खडक लागला. टाकी पुन्हा योनेकोच्या डोक्यावर आली.

कासवापाशी पोचल्यावर योनेकोने तिघींना एकेक करून ओढून पुढे काढलं. तिथून किनाऱ्यापर्यंत पाणी कमरेच्या वर गेलं नाही. वाळूवर पोचल्यावर शिओरी गुडघ्यांवर बसली आणि कपाळ वाळूला टेकवून आभार मानायला लागली. तोमिएला ते सहन होईना. तीही तिच्यासमोर बसली आणि तिच्याहून खाली वाकली.

"आभार नकोत. चूक माझी आहे. जायचं कसं ते सांगितलं, यायचं कसं ते सांगितलंच नाही. आमच्यात ते कुणी सांगत नाही. तुमच्या लेकराला मी बुडवत होते."

शिओरी तिच्याकडे बघत राहिली. राग यायला हवा होता. कदाचित उद्या येईल. आत्ता तिने फक्त तोमिएच्या रक्ताळलेल्या पायाकडे पाहिलं आणि आपला रुमाल काढून तो बांधायला घेतला. हिगा घोंगड्या आणि गरम चहा घेऊन धावत आली, तिच्यामागून मॅनेजर त्सुचिया, त्यांचे बूट वाळूत रुतत होते.

"एक सपात गेली," तोमिए त्यांना म्हणाली. "तीनशे पाचची. डावी."

"असू द्या, इशिमिने-सान," त्सुचिया म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

कोहारु मात्र घोंगडीत गुरफटून बसली होती आणि समोर बघत होती. आईने हाक मारली तरी बघेना. चहाचा पेला हातात दिला तरी तो तिने धरला नाही.

"हिची माबुई पडली," योनेको हलक्या आवाजात म्हणाली. "आणि जागा तर पाण्याखाली गेली. आता समुद्र उतरेपर्यंत..."

तोमिएने खिशात हात घातला. ओल्या खड्यांतून तिने तीन निवडले, पोरीच्या पिवळ्या टोपीत ठेवले आणि टोपी तिच्या छातीशी धरली.

"माबुया, माबुया, परत ये. कोहारु."

पोरगी बघत राहिली.

"कोहारु."

"ओ," कोहारु म्हणाली, आणि आईकडे वळून मोठ्याने रडायला लागली. शिओरीने तिला पोटाशी धरलं. आता ती नीट रडत होती, नाक गळत होतं, खोकत होती. योनेकोचा जीव भांड्यात पडला आणि तिने सवयीने तोमिएकडे टोमणा मारायला तोंड वळवलं.

तोमिएच्या मुठीत आणखी तीन खडे होते. त्यांतल्या एकाला लाल शिंपलीचा तुकडा चिकटला होता. ती ते कुणाला दाखवत नव्हती आणि खाली टाकतही नव्हती.

दर वर्षी बाटलीतून पाणी ओतताना योनेको हसायची. आज हसली नाही. गुडघे कुरकुरत ती वाळूवर बसली, तोमिएची मूठ उघडून खडे आपल्या हातात घेतले आणि तोमिएच्या छातीवर धरले.

"माबुया, माबुया, परत ये," ती म्हणाली. मग तिने ते नाव घेतलं, जे आजी गेल्यापासून बेटावर कुणी उच्चारलं नव्हतं. "नाबी."

तोमिएचे दात वाजत होते. भीती काही गेली नव्हती. ती पाण्यात होती तेवढीच आताही होती, आणि उद्याही लिफ्ट लिफ्टच असणार होती. तिने दात घट्ट दाबून धरले.

"नाबी," योनेकोने पुन्हा हाक मारली.

"ओ," तोमिए म्हणाली.